वझ्याचं तिकीट

एसटीत माणसं काय काय घेऊन चढतात, हे वाहकाला विचारावं. कोंबड्या, कूलर, फवारणीचे पंप, नवरीचं कपाट, सगळ्यांशी मी भांडून झाले आहे. पण सामानाला खिडकीपाशी बसवून स्वतः दांडीला धरून उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही यवतमाळ डेपोतले लोक त्यांना आरशेवाले बापू म्हणायचो.

त्यांच्याजवळ छातीइतकी उंच पिशवी असायची. तिच्यावर लाल गलेफ, आणि त्यावर आरसे, कवड्या, रंगीत गोंडे. बापूंच्या बायकोनं आपला जुना फेटिया, म्हणजे तांड्यावरच्या बायका नेसतात तो घागरा, उसवून हा गलेफ शिवला होता. गाडी उन्हात वळली की त्या आरशांचे कवडसे छतावर नाचायचे आणि लहान पोरं रडायची थांबायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "बापू, देव घेऊन चालले काय?"

"देव नाई बाई, काठ्या हायेत. माह्या छोरीच्या. गोल्फ खेळते थे."

शेजारी बसलेली त्यांची मुलगी कविता लाजून खिडकीबाहेर पाहायला लागली. बापू नागपूरच्या एका गोल्फच्या मैदानावर गवताला पाणी द्यायच्या कामावर होते. पोरगी तिथंच खेळायला शिकली. तिथल्या एका सरांनी आपल्या वापरातल्या काठ्या तिला देऊन टाकल्या. पुढे बापूंचं काम सुटलं आणि सगळे बाभुळगावकडच्या आपल्या तांड्यावर परत आले. तिथं सोयाबीन निघालेल्या वावरात कविता सराव करायची. हरवलेले चेंडू वखरणीच्या वेळी सापडत.

स्पर्धा मात्र सगळ्या लांबलांबच्या. कधी बंगळूर, कधी चंदिगड, कधी कलकत्ता. आधी आमच्या गाडीनं नागपूर, मग पुढे रेल्वे. दर वेळी बापू सोबत, आणि पिशवी त्यांच्याच खांद्यावर. पट्ट्याला कविताचा हात लागलेलाही त्यांना खपत नसे. "खेळनं तुहं, वझं माहं," म्हणायचे. आणि मला म्हणायचे, "वझ्याचं तिकीट फाडा बाई. फुकटचं वझं खांद्याले लागते." बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं तेव्हा मात्र त्यांनी वाद घातला. "छोरीचं हाफ, मंग तिच्या काठ्यायचं काहून फुल?" मी म्हटलं, "काठ्यांचं आधार कार्ड दाखवा." त्यानंतर ते नागपूरपर्यंत मधूनमधून एकटेच हसत होते.

बापूंचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. बापूंनी स्वतः ते पाहिलं नव्हतं, आजाकडून ऐकलं होतं. पण त्यातली एक गोष्ट त्यांनी काठ्यांना लावली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात. हळद-तूप चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि बैलाला जेवणाचं आवतण देतात. लांबच्या वाटेला निघण्याच्या आदल्या दिवशी बापू काठ्यांचं हे सगळं करायचे. एकेक काठी मांडीवर घेऊन मुठीपासून खालपर्यंत हळद-तूप चोळायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

हे मला कविताकडून कळलं, तेही एक मोठी स्पर्धा हरून परतताना. ती जिंकली असती तर कवितासाठी पुढच्या सगळ्या स्पर्धांचं दार उघडलं असतं. बापू नेहमीप्रमाणे वाटेत रिकाम्या झालेल्या सीटवर डोकं टेकून झोपले होते. ती मागे माझ्या बाजूला येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काठी हातातून सटकली ताई. मुठीचं रबर तुपानं बुळबुळीत झालतं."

"मग बापूला सांगितलं का?"

"हवा होती म्हनून सांगितलं."

माझा स्वभाव तोंडावर बोलायचा. मी म्हटलं, "अगं, एका वाक्याचं काम आहे. सांगून टाक."

"सांगितलं तं बापू पुन्हा वझ्याले हात लावनार नाई," ती म्हणाली. "काम गेलं, घरचे बैल गेले. आता हे एवढंच राह्यलं त्याच्याजवळ. तुमच्यानं होत असंल तं तुमी सांगा."

मी सांगायचं ठरवलं होतं. पुढच्या खेपेला बापू चढले, पिशवी खिडकीपाशी बसवली, सदऱ्याच्या टोकानं एकेक आरसा पुसला आणि मला म्हणाले, "मागच्या वक्ताले हवेनं घात केला बाई. म्हनून या वक्ताले तूप जास्तीचं लावलं." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, वझ्याचं तिकीट फाडलं आणि पुढच्या सीटवर गेले.

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. कळंबला बापूंना बसायला जागा मिळायची आणि कळंब सुटलं की त्यांचा डोळा लागायचा. कविता गोंडे वाजू न देता पिशवी मागच्या सीटवर आणायची, मी माझी पाण्याची बाटली द्यायची, आणि ती साबणाच्या ओल्या फडक्यानं एकेक मूठ घासायची. देवळी येईपर्यंत फडकं पिवळंधम्मक. वर्धा यायच्या आत पिशवी जागेवर. तूप निघायचं, हळद काही पुरती निघत नसे. तिचा खेळायचा पांढरा हातमोजा कायम पिवळट दिसायचा. बाकीच्या पोरी विचारायच्या, तर म्हणायची, "आमच्या घरी असंच राह्यते." पुढे ती जिंकायलाही लागली. बापू बक्षिसाची ढाल काखेत घेऊन गाडीत चढायचे आणि आल्याआल्या सांगायचे, "तूप मानवलं बाई."

मग बापू थकले. दम लागायचा. पिशवी कविता उचलायला लागली आणि ते नुसता पट्टा धरून मागे चालायचे. शेवटच्या वेळी ते यवतमाळच्या स्टँडपर्यंतच आले. डॉक्टरनं प्रवासाला मनाई केली होती. तरी वझं त्यांनी स्वतः वर चढवलं, पायरीवर थांबत, धापा टाकत. मागे खोळंबलेल्या लोकांना मी गप्प केलं. पिशवी खिडकीपाशी बसवून त्यांनी तिच्यावर हात ठेवला. "वाटंत खाली ठेवू नको व छोरी," एवढंच बोलले आणि उतरले. त्या दिवशी पिशवीला तुपाचा इतका वास होता की पुढच्या सीटवरची बाई डब्यात शिरा आहे का विचारत होती. हात थरथरत असतील, जास्त पडलं असेल. कविता पुसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

उन्हाळ्यात बापू गेले. मी तांड्यावर जाऊन आले. कविताच्या आईनं, तिच्या याडीनं, मला चहा दिला आणि कोपऱ्यातल्या पिशवीकडे बोट दाखवलं. गलेफावरचे आरसे कुणी पुसले नव्हते. मला माझ्या सख्ख्या काकांच्या वेळी रडू आलं नव्हतं, तिथं आलं.

पाऊस ओसरल्यावर कविता पुन्हा गाडीत चढली, एकटी. पुन्हा तीच मोठी स्पर्धा होती. तिनं पिशवी खिडकीपाशी बसवली आणि स्वतः दांडीला धरून उभी राहिली. "वझ्याचं तिकीट फाडा ताई," म्हणाली. मी फाडलं.

कळंब सुटलं. तिनं मागे वळून पाहिलं, पिशवी उचलली आणि गोंडे वाजू न देता मागच्या सीटवर आणली. मीही सवयीनं बाटलीचं झाकण काढलं. तिनं फडकं भिजवलं, पहिली काठी बाहेर काढली, मुठीवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. रबर कोरडं होतं.

"ताई," ती म्हणाली, "आज पुसाले काहीच नाई."

देवळी येऊन गेली तरी ते ओलं फडकं तिच्या हातात पांढरंच होतं.