बिननावाची बटणं

दवाखान्याच्या वेबसाइटवर मी चार सुबक चित्रांची बटणं केली आणि एकालाही नाव दिलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांना दिसत नाही. फोन त्यांना पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, तेही इतक्या भरभर की मला अक्षर कळत नाही. समोरच्यानं लांबण लावली, की फोनवर सरकवतात तसं हवेत बोट सरकवून ते त्यालाही पुढं ढकलतात.

परवा ते जेऊरहून आलेल्या आपल्या आईला घेऊन तडक माझ्या दारात उभे राहिले. माझ्या चित्रांवर फोन नुसता "बटण, बटण" म्हणत राहिला होता. काकांनी अंदाजानं एक दाबलं आणि आईच्या तपासणीची वेळच रद्द झाली.

मी म्हणालो, "काका, मला वाटलं, तुमच्यासारखे लोक वेबसाइटवर कशाला..."

बोट सरकलं. "व्हय? मग आमी आजारी बी पडायचं न्हाय?"

"उद्याची वेळ मीच घेऊन देतो की."

"मेहरबानी नको. बटण नीट कर."

ते उंबऱ्यातच बसले. मी घाईघाईनं नावं घातली. काकांनी फोन कानाला लावला. फोन म्हणाला, "हिरवं बटण. लाल बटण."

काकांनी फोन कानावरून काढला. त्यांच्या आई मला निरखत त्यांना म्हणाल्या, "ह्येला दिसतंय म्हनलास न्हवं? मग कळंना कसं?"