पडवीतला व्हिजन बोर्ड

किस्से आम्ही साठवत नाही, ते आपोआप साठतात. लोकरीची उरलेली टोकं साठतात ना, तसे. टाकवतही नाहीत आणि कशात बसतही नाहीत.

मी, नयना आणि शबाना मालवणजवळ क्रोशाचे मासे विणतो. बांगडा, सरंगा, कोळंबी. पर्यटक कीचेन म्हणून नेतात. आमचा कारखाना म्हणजे नयनाच्या सासूबाईंची पडवी. आईंना ती आंब्याच्या पेट्यांसाठी परत हवीय, आणि बाजारात गाळा मिळेपर्यंत आम्हाला दुसरी जागा नाही. म्हणून नयनाने मोबाइलवर बघून व्हिजन बोर्डाचं खूळ काढलं. हवं त्याचं चित्र बोर्डावर लावायचं, म्हणजे ते मिळतं म्हणे.

*

बोर्ड गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलचा, चित्रं जुन्या पेपरातली. एक्सपोर्ट व्हावं म्हणून नयनाने मधोमध विमान चिकटवलं. त्याच पेपरात आदल्या दिवशी सुके बांगडे बांधून आले होते. दुपारी मांजरीने विमान आधी चाटलं, मग ओढून नेलं.

"गेला एक्सपोर्ट," शबाना म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

*

प्रत्येकीने आपलं एक स्वप्न लावायचं होतं. मी गाळा लावला. शबानाने एसी लावला.

"अगो, धंद्याचा काय तरी लाव," नयना म्हणाली.

"घाम पुसूक दोनय हात लागतत गो. मगे मासे कोण विणतलो?"

एसी राहिला.

*

शेजारच्या मालूकाकी बघायला आल्या. "हय लावला काय गावता?"

आम्ही 'हो, मिळतं' म्हणून बसलो. दुसऱ्या दिवशी बोर्डावर त्यांच्या लेकाचा, बाबल्याचा फोटो, खाली टाचणीने लग्नाचा बायोडाटा! काढायचा कसा? तेवढ्यात पुण्याची एक मुलगी मासे घ्यायला आली. बराच वेळ बोर्ड बघून म्हणाली, "हे तुमचे मॉडेल आहेत का?"

तेव्हापासून बाबलो रोज दाढी करून पडवीसमोरून जातो.

*

आंबा काढणीला आला तशी आमची झोप उडाली. एका सकाळी गेलो तर बोर्डाला हार, समोर नारळ आणि पानाचा विडा.

"मागतास तर रीतीन मागा," आई म्हणाल्या. "मी गाऱ्हाणा घालतंय. मागे उभी रवा."

मला अगदी भरून आलं. तिघी हात जोडून उभ्या राहिलो. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे मोठ्याने घातलेलं मागणं; ते सुरू झालं की मागच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ते म्हणावं लागत नाही, तोंडातून येतंच.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवांच्या हाताक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बाजारात ह्येंका बरोसो गाळो गावांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." शबानाचा आवाज सगळ्यात मोठा.

"आणि गाळो गावो न गावो, येत्या आयतवारी माझी पडवी खाली होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"