सात म्हणजे सात

डिसेंबरातला दुसरा शनिवार. मुक्काम मालवण. हजर: मी, माझे यजमान, धाकटे दीर, जाऊबाई आणि अक्का. एकूण पाच. सामान नऊ नग, त्यात एक पिशवी फक्त भरताच्या वांग्यांची आणि एक डबा कळण्याच्या भाकरीच्या पिठाचा, कारण परगावी दोन दिवसांनंतर आमच्या जळगावकर मंडळींची कुरकुर सुरू होते.

अक्का म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. धुळ्याजवळच्या खेड्यात राहतात. नऊ वर्षं त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं केलं. त्या काळात त्या एक रात्रही गावाबाहेर राहिल्या नाहीत. भाऊबीजेलासुद्धा भावांनीच तिकडे जायचं. खाटेसमोर टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर प्राण्यांचा चॅनल, कारण मेहुण्यांना बातम्यांनी त्रास व्हायचा. वाघ, हत्ती, मगरी, सगळं अक्कांना पाठ. मेहुणे जाऊन दोन वर्षं झाली. यंदा मी विचारलं, "अक्का, कुठे जावंसं वाटतं?" त्यांनी वेळ घेतला नाही. "तो पाण्यातीन उड्या मारस ना, तो दखना शे. एकदाव. मंग कोठेच नही उनी तरी चाली."

म्हणजे डॉल्फिन. म्हणून मालवण. भुसावळहून गाडी, ठाण्याला बदल, कुडाळला उतरून पुढे टॅक्सी.

इथे एक कबुली देते. आमच्या घरातली माणसं वेळेवर निघत नाहीत. दीर भुसावळला रेल्वेत आहेत, त्यामुळे उशीर त्यांना घरच्यासारखा वाटतो. यजमानांना निघायच्या क्षणी चष्मा पुसायचा असतो. यावर मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी उपाय काढला. यादीत खरी वेळ लिहायची नाही, एक तास आधीची लिहायची. लग्नं, बारशी, रेल्वे, सगळं त्यावर निभावलं. अडचण एवढीच की पाच-सहा वर्षांत सगळ्यांना ते कळलं. मग ते मनातल्या मनात लिहिलेल्या वेळेत तो तास परत मिळवायला लागले. मला वाटायचं माझी पद्धत चालते आहे. चालत होती ती त्यांची.

रविवारी वारा होता. डॉल्फिनची बोट सुटली नाही. मग जेट्टीवर जे होतं ते केलं. किल्ल्यावर जाऊन आलो, पॅराशूटला लटकलेली माणसं मान वर करून पाहिली. पिवळ्या रबरी केळ्यावर बसवून मोटरबोटीमागे ओढत नेतात, तो प्रकार दिरांनी लांबून निरखला.

"वहिनी, लहानपण केळीच्या बागेत गेलं," ते म्हणाले, "आणि आता केळ्यावर बसायला रांग लावायची."

"मग नका लावू."

"नाही, बसून तर पाहू. आपला माल आहे."

त्यांच्या मालाने त्यांना दुसऱ्याच वळणावर पाण्यात टाकलं. जाऊबाईंनी त्याचा व्हिडिओ काढला आणि किनाऱ्यावर येईपर्यंत तो जळगावच्या तीन ग्रुपांवर गेला. अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. मधेच मला म्हणाल्या, "सकाय तरी वारा ऱ्हावाव नही ना वं?"

सोमवारी दुपारी कुडाळहून आमची गाडी होती. म्हणजे सोमवारची सकाळ एवढीच शिल्लक. संध्याकाळी बोटवाल्याशी बोलले. तो म्हणाला, सातला जेट्टीवर या, सव्वासातला सोडणार, नऊनंतर वारा धरतो. ज्या घरी उतरलो होतो तिथे येऊन मी कागदावर लिहिलं: सात, जेट्टी. जेवताना वाचून दाखवलं आणि वर म्हटलं, "ही खरी वेळ आहे."

दीर म्हणाले, "नेहमीच असते."

सगळे हसले. मीही हसले. घरमालकीणबाईंनी चुलीवर वांगी भाजू दिली होती, भरत उत्तम झालं होतं, आणि मी त्यावर आणखी काही बोलले नाही. तिथे बोलायला हवं होतं.

पहाटे साडेपाचला उठले, तेव्हा शेजारच्या खाटेवर अक्का वेणी घालून, पातळ नेसून बसलेल्या.

"अक्का, अजून दीड तास आहे."

"तू सात लिखेल शे ना. मंग सात."

त्या आमच्याबरोबर पहिल्यांदाच निघाल्या होत्या. माझ्या वेळांचा हिशोब त्यांना माहीत नव्हता. मी इतर दारं वाजवली. दोन्हीकडून "आलोच" असा आवाज आला. अक्कांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघी सावकाश पुढे निघालो.

सातला जेट्टीवर आम्ही दोघी, बोटवाला आणि कोल्हापूरकडचं आठजणांचं कुटुंब. सात दहाला मी यजमानांना फोन केला.

"कुठे आहात?"

"दाढी चाललीय. सात म्हणजे आठ ना?"

"सात म्हणजे सात."

"मग तसं सांगायचं ना आधी."

मी फोन ठेवला. दिरांचा फोन लागला नाही. बोटवाला म्हणाला, "बाई, आता सोडूक व्हयी. वारो उठलो की मगे काय दिसाचा नाय." कोल्हापूरची माणसं भली होती, पाच मिनिटं थांबली. मग त्यातल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

पंचवीस वर्षांच्या प्रवासात मोजणी पूर्ण झाल्याशिवाय मी कुठून हलले नव्हते. आत्ता पाचापैकी तीन कमी. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी पातळावर नारिंगी जॅकेट चढवलं होतं, पट्टे ज्याच्या त्याच्या जागी लावले होते आणि समोर पाण्याकडे बघत होत्या. "थांबू या का" असं त्यांना विचारलं असतं, तर त्या हो म्हणाल्या असत्या. म्हणून मी विचारलं नाही.

"सोडा," मी म्हटलं.

अर्धा तास काही दिसलं नाही. मग बोटवाल्याने इंजिन बंद केलं. पाणी एकदम शांत, तेलाच्या परातीसारखं. डावीकडे एक काळी पाठ वर आली, वळली आणि गेली.

"हाऊ एक," अक्का हळूच म्हणाल्या. "आखो एक. ते दोन बरोबर."

त्या टीव्हीपुढे बसल्यासारख्या बसल्या होत्या, हात मांडीवर. अकरापर्यंत मोजलं. अकरावा पाण्यातून पुरता बाहेर आला, तेव्हा मोजायचं सोडून त्यांनी माझा हात धरला आणि परत येईपर्यंत धरून ठेवला.

जेट्टीवर तिघं उभे होते. यजमानांची अर्धी दाढी राहिलेली. बहिणीला मी नेऊन दाखवणार, असं ते महिनाभर सांगत होते. आता त्यांना वर बघवत नव्हतं.

"अक्का, दिसले का?"

अक्कांनी एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "काय नही रे भाऊ. पाणीच पाणी व्हतं."

"खरंच?"

"मंग. तुम्ही झोपनात ते बरं व्हयनं."

मागून कोल्हापूरच्या बाई उतरत होत्या. "आज्जी, नशीब काढलंत हो आज!"

"हौ," अक्का म्हणाल्या, "पडनी नही तेच नशीब. चाल भाऊ, च्या पाज."

यजमानांचा चेहरा खुलला. दीर म्हणाले, "बघा, झोपून आमचं काही बुडलं नाही." चहा होईपर्यंत ते तेच तीनदा म्हणाले आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं.

गाडीत ते तिघं पेंगल्यावर अक्का माझ्या कानाशी वाकल्या. "आते सांगू नको. पुढला साले त्यासले ली ये. सोता दखतीन, मंग सांगजो." म्हणजे पुढच्या वर्षी त्यांना मालवणला आणायचं काम माझं, आणि त्यांनी स्वतः पाहीपर्यंत सांगायचं नाही.

तेव्हापासून यजमान जळगावात भेटेल त्याला सांगतात की मालवणला सगळं छान आहे, डॉल्फिन तेवढे नाहीत. मी मान हलवते. पुढच्या डिसेंबरची तिकिटं साठ दिवस आधी सुटतात. दिरांची रजा नक्की नाही, जाऊबाई म्हणतात या वेळी डोंगर पाहू, आणि जिथे काही दिसत नाही तिथे परत कशाला, असं यजमानांचं म्हणणं. मालवणला पुन्हा का जायचं, याचं खोटं न बोलता देता येईल असं एक कारण मला शोधायचं आहे. अजून सापडलेलं नाही.