कोंडाजीच्या ट्रंकेतला बुद्ध

नवसाबाईच्या रागाची आमच्या वसाहतीत सगळ्यांनाच धास्ती. देवळालीच्या अलीकडची आमची ही घरं, मधल्या भिंती पापडासारख्या. तिकडं तिनं भाकरी थापली की इकडं आम्हाला कळायचं, आज कुणावर चिडलीय. हलक्या थापा म्हणजे नळाला पाणी नाही. जोराच्या थापा म्हणजे नवऱ्यावर. बाहत्तर सालापासून पुढं किती वर्षं मी जोराच्याच थापा ऐकल्या, विचारू नका.

नवरा कोंडाजी फौजेत ट्रक चालवायचा. बांगलादेशची लढाई आटोपून तो सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही मखमलाबादच्या मळ्यातून झेंडू आणून त्याला मानेपर्यंत माळांत बुडवला. मग त्यानं अंगणात काळी ट्रंक उघडली. आम्हाला वाटलं, रेडिओ निघेल. निघाली एक गोधडी, आणि गोधडीतून वीतभर उंचीचा पितळेचा बुद्ध. बसलेला, डोळे मिटलेला.

आमचे हात आपोआप जोडले गेले. निवृत्तीचे तर डोळेच भरून आले. हा निवृत्ती कचेरीत कारकून आणि वसाहतीतल्या प्रत्येक समितीचा अध्यक्ष. त्याचे डोळे भरायला फार वेळ लागत नाही.

"कुठं गावला?" नवसाबाईनं विचारलं.

"चितगावच्या अलीकडं, एका जळक्या गावात. उघड्यावर पडला व्हता. कुत्री हुंगत व्हती. म्या वाचवला."

टाळ्या पडल्या. पण नवसाबाई मूर्तीकडं बघतच नव्हती. ती गोधडी चाचपत होती. जुन्या पांढऱ्या लुगड्याचे थर, त्यावर मुंगीच्या पावलांएवढा धावदोरा, मधोमध कमळ. एक कोपरा टरकलेला. नवसाबाई स्वतः गोधड्या शिवायची. अख्ख्या वसाहतीतली पोरं तिच्याच गोधड्यांत मुतून मोठी झालीत.

"उघड्यावर पडल्याला गोधडीत कुणी गुंडाळला?"

"आं?"

"म्या इचारते, कुत्र्यांनी गुंडाळला का?"

आम्ही हसलो. कोंडाजी नाही हसला.

"ही पोराची गोधडी हाय," ती म्हणाली. "कुण्या बाईनं हिच्यात बांधून लपवून ठेवला त्याला. पळाली आसंल. माघारी येऊन काढणार आसंल. गाव कोणतं त्ये?"

"लढाईत गावाची नावं कोण इचारतं? लढाईत आसंच चालतं."

"मग लढाईतच ठिवायचं. माझ्या घरात कशापायी आणलं?"

तिनं बुद्ध पुन्हा गोधडीत गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला. फळीवर मांडू दिला नाही. त्याच्यापुढं मेणबत्ती नाही, फूल नाही. "पाहुणा हाय. त्याला आपल्या घराची सवय लागाया नको." दर बुद्धपौर्णिमेला ट्रंक उघडायची, त्याला पुसायची, गोधडीला ऊन दाखवायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. प्रवासाला निघालेल्या माणसाचं सामान बांधावं तसं.

मी मुद्दाम खोडी काढायचो. "काय वो नवसाबाई, पाहुण्याची गाडी लागली का?"

"गाडी कवाच लागली. टांगेवाला गाव सांगंना!"

तेवढ्यावर आतून कोंडाजीचा खोकला यायचा. तो गावाचं नाव सांगेना आणि ती सोडेना. गाव सांगितलं असतं, तर कसा उचलला तेही सांगावं लागलं असतं. वाचवणाऱ्याला माळा पडतात. लुटणाऱ्याला काय पडतं, हे फौजेतल्या माणसाला सांगायला नको.

चौऱ्याऐंशी साली आमचं विहार बांधून झालं. निवृत्तीनं बैठकीत जाहीर केलं, "आपल्याकडे रणभूमीवरून आलेली मूर्ती असताना बाजारातली कशाला?" कोंडाजी तोवर फौजेतून सुटून घरी बसला होता. त्याला पुन्हा माळांचा वास आला. निवृत्तीनं घाईघाईनं संगमरवरी पाटीही खोदून घेतली: 'मूर्तिदान: कोंडाजी, माजी सैनिक'. वैशाखी पौर्णिमेला कलकत्त्याहून एक वृद्ध भंतेजी यायचं ठरलं. मूळचे बंगाली, हिंदी मोडकंतोडकं.

त्या सकाळी शेजारी भाकरीच थापली गेली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

विहारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भंतेजींनी पंचशील दिलं. न दिलेलं घेणार नाही, हे शील आलं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज कोंडाजीचा, परेडची सवय. नवसाबाई बायकांत पुढं बसली होती. त्या ओळीला तिचे ओठ हलले नाहीत. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

मग दानाची वेळ आली. आता भिक्खूंची रीत अशी, की हातात दिल्याशिवाय ते काही घेत नाहीत. समोर ठेवलेलं केळंसुद्धा उचलत नाहीत. निवृत्तीला हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं फोटोवाला आणला होता. कोंडाजी गोधडीसकट बुद्ध घेऊन पुढं झाला. भंतेजींनी दोन्ही हात पसरले. फोटोवाल्यानं एक डोळा मिटला.

आणि नवसाबाईनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"तुमचा हाय का त्यो?"

"नवसाबाई, खाली बसा!" निवृत्ती ओरडला.

"तुमी बसा, निवृत्तीराव! तुमच्या घरातली पोरं कुणी गोधडीसकट उचलून नेली आन् तिकडं दान केली, तर टाळ्या वाजवाल का?" मग नवऱ्याकडं वळून, "आत्ताच काय म्हणालात? न दिल्यालं घेणार नाय. एवढा गळा काढून म्हणालात! मग सांगा. ह्यो तुमाला कुणी दिला?"

भंतेजी हात पसरूनच बसले होते. त्यांना सगळं कळलं नसेल, पण गोधडीवरचं कमळ त्यांनी ओळखलं असावं. त्यांच्या मुलखात बायका तशीच काढतात. शांतपणे म्हणाले, "जिसका है, वो दे."

कोंडाजीचे हात पुढं जाईनात. शेवटी तो बोलला, पण जमिनीकडं बघत. "भाताच्या कणगीत व्हता. तुसात खोल पुरल्याला. म्या हात घालून वढला... तवाच कोपरा फाटला." आणि मग त्या गावाचं नाव. इतकी वर्षं दाताखाली धरलेलं.

भंतेजींनी हात मागं घेतले.

कार्यक्रमाचा विचका झाला. निवृत्ती आठ दिवस सांगत फिरला, की बाईनं वसाहतीचं नाक कापलं. मी म्हटलं, साहेब, ज्या नाकाला चोराऐवजी चोरी दाखवणाऱ्याचा राग येतो, ते नसलेलंच बरं. तेव्हापासून तो मला जयभीमही घालत नाही. न का घालेना!

भंतेजींनी दान घेतलं नाही, पण वाट सांगितली. त्यांच्या कलकत्त्याच्या विहारात चितगावकडचे भिक्खू येतात. त्यांच्या हाती दिला तर गावापर्यंत पोचेल. कोंडाजीनंच कलकत्त्याला न्यायचा ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तो भीतभीत म्हणाला, "त्यो कोपरा तेवढा शिवून दे."

"नाय शिवणार," नवसाबाई म्हणाली. "फाटलाय तसाच जाऊ द्या. कुणी वढला त्ये त्यांना दिसू द्या."

तो गेला, देऊन आला. पावसाळा सरल्यावर भंतेजींचा निरोप आला: बुद्ध गावात पोचला, तिथल्या विहारात आहे, गोधडीही आहे. ज्या घरातला होता, त्या घरी मात्र कुणीच माघारी आलेलं नाही. शेजारची एक म्हातारी तेवढी गोधडी बघून रडली.

नवसाबाईनं निरोप ऐकला. उठून विहारात गेली. ती संगमरवरी पाटी अजून भिंतीला टेकून उभी होती. निवृत्तीची आशा सुटत नव्हती. तिनं ती डोक्यावर घेतली आणि नळापाशी आणून टाकली.

आज नवसाबाई त्या पाटीवरच धुणं बडवते. अक्षरं वरच्या बाजूला. कोंडाजी शेजारी उकिडवा बसून बादली भरून देतो, आणि प्रत्येक धपाट्याला डोळे मिटतो.