हुक पक्का हवा

मी आयुष्यात एकदाच पडद्यावर आले, आणि तेही कात्री घेऊन.

पडदा म्हणजे थिएटरचा नव्हे हो, मोबाईलचा. आमची नात सई हिंजवडीला नोकरी करते. कंपनीची बस यायच्या आधी ती रोज पेटीवर बसायची आणि असं थोडं थोडं करत तिने स्वतः एक गाणं लिहिलं, चाल लावली, गायलं. नोकरीसाठी घर सोडून निघालेल्या मुलीचं गाणं. मी पहिल्यांदा ऐकलं ते मेथी निवडताना. इतकी रंगले, की देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात गेली. (आमच्या ह्यांनी ती भाजी खाल्ली आणि "आज वेगळी झालीय" एवढंच म्हणाले.)

मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीलाही ते आवडलं. त्यांनी सांगितलं, याचा व्हिडिओ करून लोकांसमोर आणा. लोकांनी उचलून धरलं तर पुढचं गाणं आम्ही करू. सई त्या दिवशी घरात जमिनीवर चालतच नव्हती.

"पण गाणं ऐकायचं असतं ना गं? बघायचं काय त्यात?" मी विचारलं.

"आजी, हल्ली आधी बघतात. बघावंसं वाटलं तर ऐकतात. नाहीतर बोटाने वर सरकवून मोकळे."

"आमचा रेडिओ फळीवर असायचा," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "बंद करायला स्टुलावर चढावं लागायचं. म्हणून आम्ही गाणी पूर्ण ऐकली."

सईचा मित्र ओंकार व्हिडिओ करणार होता. कॅमेरा कुणाकडून तरी एका दिवसापुरता मागून आणलेला, संध्याकाळी परत द्यायचा. त्याने मला या व्हिडिओंचे रीतिरिवाज समजावून सांगितले. मुलीने एकदा तरी खिडकीतून बाहेर बघत राहायचं. एकदा पाण्याकाठी हात पसरून धावायचं. वारा असो नसो, केस उडालेच पाहिजेत. आणि गाणं आधीच गाऊन झालेलं असतं, त्यामुळे तिथे नुसते ओठ हलवायचे.

"धावते कशाला? कुणी मागे लागलंय?"

"नाही आजी. नुसतंच. फील येतो."

आता लग्नातल्या निम्म्या विधींचा अर्थ मी कधी विचारला नाही, तो याचा कशाला विचारू? शिवाय मला माझ्या हातचं काम मिळालं होतं. सई माझी लग्नातली आंबा रंगाची साडी नेसणार होती आणि तिच्यावरचा ब्लाऊज मी शिवायचा होता. उभं आयुष्य मी आमच्या कॉलनीचे ब्लाऊज शिवण्यात घालवलंय. कुठे न शिकता! त्यामुळे छाती तशी आधीच पुढे होती.

आदल्या संध्याकाळी बसमधून सईचा फोन आला. "आजी, उद्या बाकी काही चुकलं तरी चालेल, पण हुक पक्का हवा. लोकांचं सगळं लक्ष हुकवरच असतं. हुक सुटला की संपलं."

मला धस्सच झालं. काय ही लोकांची नजर, आणि काय त्या पोरीला धास्ती! म्हटलं, "तू काळजी करू नकोस. मी लावलेला हुक आजवर कुणाचा सुटलेला नाही."

"आजी, यू आर द बेस्ट," म्हणाली आणि ठेवला फोन.

मग मी मशीनवर बसले. हुकांची एक ओळ असते तिथे दोन लावल्या. एक हुक डावीकडे तोंड करून, दुसरा उजवीकडे. दोरा चौपदरी. फिटिंग हलू नये म्हणून ब्लाऊज अंगाबरोबर घेतला आणि पुढेमागे उसवून सैल करता यावा म्हणून आत कापडाची माया ठेवतात, ती सगळी कापून टाकली. (आजी असून माया ठेवली नाही, असं हे नंतर कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते.)

सकाळी घरी खिडकीचा शॉट झाला. सई बाहेर बघत उभी राहिली. बाहेर समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग.

"आजी, ब्लाऊज जरा घट्ट झालाय का?"

"पक्का हवा म्हणालीस ना?"

"हो का? बरं. श्वास रात्री घेते."

दुपारनंतर आम्ही खडकवासल्याला गेलो. धरणाच्या काठी ही गर्दी, जो तो कणीस खातोय. ओंकारने ह्यांच्या हातात थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता दिला. त्याने उन्हाची तिरीप सईच्या तोंडावर पाडायची. मला म्हणाला, "आजी, तुम्ही इथे बसा. फ्रेममध्ये तेवढं येऊ नका." आता फ्रेम कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्याला दिसत होतं, मला थोडंच?

शेवटचा शॉट धावण्याचा, तोही स्लो मोशनमध्ये. त्याची तर न्यारीच तऱ्हा. चित्र नंतर सावकाश करतात म्हणून गाणं आधी दुप्पट वेगाने लावायचं, मुलीने दुप्पट वेगाने ओठ हलवत धावायचं. पुढे सगळं आपोआप जुळतं म्हणे. स्पीकरवर गाणं सुरू झालं आणि माझ्या नातीचा तो मऊ आवाज शेपटीवर पाय पडलेल्या चिचुंद्रीसारखा यायला लागला. पहिल्यांदा कणीसवाला मध्ये आला. दुसऱ्यांदा ह्यांनी उजेड सईऐवजी एका बसलेल्या म्हशीवर पाडला. सूर्य टेकायला आला.

"हा शेवटचा," ओंकार म्हणाला. "यानंतर उजेड नाही."

सई धावत सुटली. हात पसरलेले, ओठ भराभरा हलताहेत, आणि चेहरा आधी गुलाबी, मग लाल, मग चक्क वांग्यासारखा. पोरीला श्वास मिळत नव्हता. आत माझे दुहेरी हुक, बाहेर दुप्पट गाणं.

मी कसला विचार करते? पिशवीतली कापड कापायची कात्री काढली आणि "थांब सई, सोडवते तुला!" असं ओरडत तिच्यामागे धावले.

"कोण हो या?" मागून एकाने विचारलं.

"सासू असावी," कणीस खाणारा म्हणाला.

तिला गाठलं, ह्यांना थर्माकोल आडोशाला धरायला लावला आणि पटापट हुकांचे दोरे कापले. सईने एवढा मोठा श्वास घेतला की धरणाची पातळी खाली गेली असेल.

"आजी, दोन ओळी हुक?"

"तूच म्हणालीस, पक्का हवा."

सई अगदी हळू म्हणाली, "गाण्यातला हुक गं. जी ओळ लोकांच्या डोक्यातून जात नाही, ती."

"मग ध्रुवपद म्हणायचं," आडोशापलीकडून हे म्हणाले.

तोवर सूर्य बुडाला होता. कॅमेरा परत जायचा होता. पूर्ण झालेला धावण्याचा शॉट एकच, आणि त्यात मी. घरी येताना सई गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. सकाळच्या शॉटपेक्षा कितीतरी खरं. मला ओंकारला सांगायचं होतं, हे घे म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याने चित्र सावकाश करून दाखवलं. सई पाण्याकाठी तरंगत येतेय, गाणं पुन्हा मऊ झालंय. आणि मागून, बराच वेळ, हवेत, पदर पसरून, तोंड उघडं ठेवून, हातात कात्री घेऊन मी तरंगत येतेय. एक पाऊल टाकून होईपर्यंत अख्खी ओळ संपते.

मग सई हसायला लागली ती जमिनीवर बसली. डोळे पुसत म्हणाली, "हे ठेवायचं. घर सोडून निघालेल्या मुलीच्या मागे कुणीतरी धावणारच ना?"

"अगं, पण कात्री?"

"असू दे. लोक म्हणतील, पुण्याची आजी आहे."

आणि लोक थांबले हो. आधी कात्रीसाठी थांबले, मग गाण्यासाठी राहिले. परवा स्वारगेटला बसची वाट बघत उभी होते, तर एक कॉलेजची मुलगी निरखून बघायला लागली. "तुम्ही त्या कात्रीवाल्या आजी ना?" मी मान खाली घातली. तर ती पोरगी तिथेच, एवढ्या गोंगाटात, सईचं ध्रुवपद गुणगुणली. सूर न् सूर बरोबर. माझी बस निघून गेली, मला कळलंसुद्धा नाही.

मुंबईच्या कंपनीचा फोन आलाय. पुढचं गाणं ते करणार आहेत. मी सईला एवढंच विचारलं, "या वेळी हुक कुठे लावायचाय?"

"तू काही लावू नकोस," सई म्हणाली. "तूच हुक आहेस."

तेव्हापासून मी अभिमानाने अशी फुगले आहे, की माझ्याच ब्लाऊजचे हुक एकेक करून सुटायला लागलेत.