गेल्या सालचा फेटा

"ऱ्हाऊ द्या आण्णा, बघून घेतो," असं म्हणून तो मांडीवर थाप मारायचा. थाप अशी, की माझ्या दुकानातल्या कात्र्या वाजायच्या. तुम्हीही असा एखादा पैलवान पाहिला असेल: अंगानं दार अडवणारा आणि बोलायची वेळ आली की कोपरा शोधणारा.

साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. मुळशीत आमच्या गावची तालीम आणि माझं शिंप्याचं दुकान यांची भिंत एकच. त्याचे लंगोट मीच शिवायचो. मारुंजीपासून नांद्यापर्यंतच्या जत्रांत त्याला जोड मिळत नसे. पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की गडी घामाघूम. स्वतःच्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा जो परसात जाऊन बसला, तो पंगत उठल्यावरच आला.

त्या साली आमच्या जत्रेत त्याची कुस्ती बापूसाहेबांच्या भाच्याशी लागली. बापूसाहेब गावचे पुढारी, आणि फडाचे पंचही तेच. त्यानं भाच्याला ढाक मारून चीत केला. भाच्याच्या पाठीला लागलेली लाल माती साऱ्या गावाला दिसली, बापूसाहेबांना तेवढी दिसली नाही. "कुस्ती बरोबरीत," म्हणाले आणि विजेत्याचा फेटा काखेत मारून मोकळे झाले.

आमच्याकडे रीत अशी, की निकाल मान्य नसेल तर ज्याची कुस्ती त्यानंच उभ्या फडात तसं बोलायचं. वस्तादानंही मध्ये पडायचं नाही. पैलवान उभा राहिला. ओठ नुसते हलले. बापूसाहेब हसून म्हणाले, "काय पैलवान, जीभ घरी ठिवून आला व्हय?"

सगळा फड हसला. तो खाली मान घालून निघून गेला. तेव्हा मला बापूसाहेबांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

काही दिवसांनी तो दुकानात आला. "आण्णा, मला बोलाय शिकायचंय. फुडल्या जत्रंला त्याच फडात बोलनार. न्हाई जमलं तर पुन्ना लंगोट चढवनार न्हाई."

पण मी समोर असलो की त्याला शब्द फुटेना. शेवटी त्यानंच तोड काढली. "तुमी मशीन चालवा. माज्याकडं बघू नका."

मी मान खाली घालून मशीन चालवायचो आणि त्या खडखडाटाच्या आडोशानं तो भिंतीवर टांगलेल्या गिऱ्हाइकांच्या कोटांपुढं भाषण करायचा. "पंच मंडळी, आनि जमलेल्या मायबापांनो..." भाषण रोज वाढायचं, वाढायच्या त्या शिव्याच. त्या कोटांतला एक खुद्द बापूसाहेबांचा होता. उसवलेली बाही शिवून कधीच झाली होती, तरी मी तो मुद्दाम मधोमध टांगून ठेवला होता.

हळूहळू मी पाय मंद करत गेलो. एक दिवस मशीन थांबवलंच. तो बोलतच होता. लक्षात आलं तेव्हा एवढा थोरला गडी लाजून लाल झाला. "आण्णा, बंद कवा केलं?"

जत्रा आली. समोर पुन्हा तोच भाचा. या खेपेला पैलवानानं त्याला चीत केला आणि वर छातीवर बसून राहिला. साऱ्या फडाचं बघून होईपर्यंत उठला नाही. बापूसाहेबांचा नाइलाज झाला. फेटा घेऊन ते पुढं आले, पण यानं मान वाकवली नाही. हलगी थांबली. मला त्याच्या ओठांची तीच थरथर दिसली. मी पुढंच बसलो होतो, आणि नकळत माझा पाय मशीन चालवल्यासारखा मातीत हलू लागला. त्याची नजर माझ्या पायावर पडली.

"बापूसायेब, ह्यो फेटा औंदाचा हाय ना?"

"व्हय."

"मंग गेल्या सालचा कुटं हाय?"

वर्षभराचं भाषण बाजूलाच राहिलं, बोलला तो एवढंच. मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय की, गेल्या सालचा कुटं हाय?" मग सगळा फडच विचारू लागला. दुसरा फेटा कुणी आणलेलाच नव्हता. बापूसाहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि शेवटी स्वतःच्या डोक्यावरचा अबोली फेटा उतरवून त्याच्या हातात दिला. उघड्या डोक्यानं ते फडातून बाहेर गेले. मला सण साजरा झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो फेटा त्यानं माझ्या मशीनवर टाकला. "ह्याचं लंगोट शिवा."

"कापड पातळ हाय, पैलवान."

"मंग चार पदरी शिवा."

मी चार पदरी शिवले, आणि इतकं मन लावून मी नवरदेवाचा कोटही कधी शिवला नाही. ते अबोली लंगोट तालमीपुढच्या दोरीवर, बापूसाहेबांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर वाळत असायचे. बापूसाहेब पुढं ओढ्याकडून जाऊ लागले.

कालांतरानं बापूसाहेब वारले. त्यानंतर काही वर्षांनी पैलवानही आजारी पडला. मी भेटायला गेलो तर माझा हात धरून म्हणाला, "त्ये आदी गेलं आण्णा, न्हाईतर आनखी लई बोलायचं ऱ्हायलं हुतं." इतकं मोकळं बोलणारा माणूस गप्प होताना बघवत नव्हतं.

आता तालमीपुढची दोरी रिकामी असते. मलाही सुईत दोरा ओवता येत नाही. पण बापूसाहेबांच्या घरचं कुणी दुकानावरून जाताना दिसलं की मी उठून मशीनवर बसतो, आणि कापड न लावताच पाय चालवत राहतो.