अडकित्त्याची कवळी

बाजारातल्या कडधान्याच्या गोदामात त्याला सगळे अडकित्ता म्हणत. हरभऱ्याचा दाणा दाढेखाली धरायचा, कट्‌कन फोडायचा आणि एका शब्दात सांगायचं, "कोरडा" नाहीतर "ओला". बस्स. ओला माल आत घेतला की तो पोत्यात तापतो, कुबट होतो, मग त्याची डाळ फुकटही कुणी नेत नाही. ओल मोजायचं मशीन होतं म्हणा, पण ते मालकीणबाईंच्या टेबलावर धूळ खात पडलेलं. माल विकणारेच म्हणायचे, "मशीनचं राहू द्या हो, काकांच्या दाताखाली जाऊ द्या." हे ऐकलं की स्वारीची छाती अशी फुगायची की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी.

आणि नेमक्या याच्याच दाढा पडाव्यात! एक हलली, दुसरी ठणकली, शेवटी डॉक्टरने सगळं मैदान साफ करून कवळी बसवली. दिसायला झकास. पण दाणा फोडला की काही म्हणजे काही कळेना. गडी आतून पार हादरला. हिशेब येत नव्हता, ओझं उचलवत नव्हतं. दातांवर तर त्याची नोकरी होती, आणि नोकरीपेक्षाही जास्त त्याचा मान.

मग त्याने शक्कल लढवली. प्रत्येक पोत्यातले चार दाणे वेगवेगळ्या पुडीत बांधून खिशात टाकायचे आणि "जेवून आल्यावर सांगतो, उपाशीपोटी अंदाज चुकतो," अशी थाप मारून घर गाठायचं. घर गल्लीच्या टोकालाच. बायको ओट्याशी भाजी चिरत असायची. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या खिशातले दाणे चघळून तीही यात तयार झाली होती, आणि तिचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत.

"हा ओला. हा बरा आहे. आणि हा काय हो, दगड आणलात की काय?"

"अगं हळू! खिडकी उघडी आहे."

"म्हणजे दात माझे आणि नाव तुमचं? मजा आहे बुवा!" ती हसायची, पण चावून द्यायची.

ऐन हंगामात बायको बहिणीकडे गेली आणि त्याच दिवशी एक मोठी गाडी दारात लागली. ड्रायव्हर घाईला आलेला, मालकीणबाई दारात उभ्या. "काका, आत्ताच सांगा, मागे रांग लागलीय." सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. आज जमत नाही, एवढं म्हणायला काय जात होतं? पण तेच तोंडातून निघेना. त्याने दाणा कवळीत धरून दाबला, कट्‌ असा आवाज आला, तो कवळीचाच. "कोरडा!" त्याने ठोकून दिलं.

आठवड्याने त्याने एका पोत्यात हात घातला तर आत ताप आलेल्या पोराच्या अंगासारखं गरम. तोवर मालकीणबाईंनीही पोतं चाचपलं. त्या पोत्यांची थप्पी रचणाऱ्या हमालावर कडाडल्या, "गळक्या छपराखाली रचलीस ना? उद्यापासून येऊ नकोस!" खोटं कशाला बोला, अडकित्त्याला सुटल्यासारखं वाटलं. पण हमालाचा रडवेला चेहरा बघून त्याला स्वतःचीच किळस आली. त्याने सरळ कवळी काढून हातावर घेतली.

"छप्पर नाही नि हा नाही," तो बोबडा बोलला. "मी चुकलो. मला आता चावून कळत नाही."

"मग इतके दिवस बरोबर कसं सांगत होतात?"

"बायको सांगायची."

मालकीणबाई म्हणाल्या, "तिला बोलवा."

ती आली. त्या गाडीची सगळी पोती उन्हात ओतली, प्रत्येक ढिगातला दाणा तिने चावला. अर्धा माल वाचला, अर्धा गुरांच्या खाद्यात गेला. हमाल कामावर राहिला. अडकित्त्याच्या हातात झाडू आला, आणि दाढेचं काम बायकोकडे गेलं.

पुढच्याच गाडीवर तिने दाणा फोडला आणि म्हणाली, "ओला."

विकणारा जुना माणूस. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. झाडणाऱ्या अडकित्त्यापुढे मूठ धरली. "काका, बायकांचं काय ऐकायचं? तुम्ही एकदा चावून बघा की."

पुन्हा सगळे अडकित्त्याकडेच बघत होते, अगदी पूर्वीसारखे. त्याला ते आवडलं, फार आवडलं. त्याने दाणा घेतला, चिमटीत फिरवला आणि बायकोच्या हातावर ठेवला.

"माझे दात खोटे आहेत," तो म्हणाला. "ती ओला म्हणाली ना? गाडी परत न्या."